रंगूनची सोडचिठ्ठी

खोली मागायला गेलो त्या दिवशी बाईंनी मला घरात घेतलंच नाही. अंगणात उभं करून आधी जबानी घेतली. नाव काय, बापाचं नाव काय, वर्ध्याहून गोंदियाला कायले आलात, लग्न काऊन झालं नाही, ठरलं होतं का, ठरलं होतं तर मोडलं कोणी. मी शाळामास्तर. प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. तरी दिली, आणि खोली मिळाली. आठ दिवसांनी मी विहिरीवर हातपाय धूत होतो, तर बाई पुन्हा समोर येऊन उभ्या राहिल्या आणि तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले.

"हे सगळं सांगितलंय की मी, बाई."

"सांगितलं होतं. आताही तेच सांगता का, ते पाहून राहिली मी."

चाळिशीच्या आसपासचं वय, अंगानं काटक, रंग उन्हात रापलेला. चालताना मधेच थांबून मागं वळून बघायची सवय. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण कागदाची त्यांना जेवढी पारख होती तेवढी आमच्या हेडमास्तरांनाही नव्हती. पत्र आलं की आधी त्याचा वास घ्यायच्या. मग टपालाचा शिक्का उजेडात धरायच्या. मग ते माझ्याकडून वाचून घ्यायच्या, आणि माझं वाचून झालं की तेच पत्र घेऊन चौकातल्या दवाखान्याच्या कंपाउंडरकडे जायच्या. एकदा परत आल्या त्या तणतणतच.

"मास्तर, तुम्ही म्हटलं 'इकडे सर्व ठीक आहे'. तो म्हणते 'इकडे सर्व कुशल आहे'. दोघातला कोन खोटं बोलते?"

मी पत्र पाहिलं. कुशल असंच लिहिलं होतं. तेव्हापासून मी त्यांची पत्रं शब्दाला शब्द वाचू लागलो.

त्यांचा आवडता शब्द 'कायवरून'. उद्या अमावस्या आहे म्हटलं, की कायवरून? मास्तर, तुमच्या शाळेला सुट्टी आहे? कायवरून? जवळच्या गोरेगावच्या बाजाराला जाताना पिशवीत एक लहानसं पितळी गंज, म्हणजे पातेलं, ठेवायच्या. तांदूळवाला 'नवा नाही, जुना आहे, मोकळा शिजेल' म्हणाला, की तिथंच तीन दगड मांडून त्याच्याच ढिगातला मूठभर तांदूळ शिजवून बघायच्या. धानाच्या मुलखातले दुकानदार ते. दाणा दाताखाली धरून सौदा करणारी गिऱ्हाइकं त्यांनी जन्मभर पाहिली होती. दुकानासमोर चूल मांडणारं गिऱ्हाईक हेच एक. आधी हसायचे, मग चिडायचे, शेवटी बाई दिसल्या की स्वतःच सांगायचे, "हा नका घेऊ बाई, चिकट होते."

हेडमास्तरांनी मला आधीच सावध केलं होतं. "त्या बाईच्या घरी राहता? जपून राहा. कोर्टकचेऱ्या केलेली बाई आहे. रंगूनपर्यंत जाऊन कागद करून आणला, आणि तो कागद खरा की खोटा हे अजून कोणाला कळलं नाही." एवढं ऐकल्यावर मीही माझ्या ट्रंकेला कुलूप घातलं. बाईंनी ते लगेच पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी पहिल्यांदाच जरा आदर दिसला.

घराच्या मागच्या खोलीत एक माणूस राहत असे. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणे. धानाच्या गिरणीत यंत्रांची आणि लाकडाची कामं करायचा. अबोल, नीटनेटका, हात सतत कशात तरी गुंतलेले. सकाळी गिरणीत जाण्याआधी बाईंच्या घरातलं काही ना काही दुरुस्त करायचा, आणि दुरुस्तीला काही नसलं तर चांगलं असलेलंच काढून पुन्हा बसवायचा. जेवण बाईंच्या हातचं. कोणी म्हणे तो बाईंचा नवरा, कोणी म्हणे नोकर, कोणी आणखी काही. मी एकदा सरळ विचारलं.

"मिस्त्री आपले कोण, बाई?"

"भाडेकरू."

"नात्यातले का?"

"तुम्ही भाडेकरू, तो भाडेकरू. तुमचं नातं आहे का माह्याशी?"

पण भाडेकरूला कोणी रोज 'काल कुठं होतास, कोनासंग होतास' असं विचारत नाही. आणि भाडेकरू त्याची उत्तरं मान खाली घालून देत नाही.

एका रविवारी दुपारी मी जे पाहिलं त्यानं माझा संशय फारच वाढला. मिस्त्री मागच्या पडवीत आडवा झाला होता. बाई त्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी त्याचा डावा हात अलगद उचलला, अंगठा उन्हाकडे वळवला आणि डोळे बारीक करून पाहत राहिल्या. बराच वेळ. मग हात होता तसा ठेवला आणि आत गेल्या. मी दाराआड होतो. ही बाई झोपेत या माणसाचा अंगठा कोण्या कागदावर तर उठवत नाही ना, असं माझ्या मनात आलं. त्या दिवसापासून मी सही करताना आजूबाजूला बघू लागलो.

हे सगळं काय होतं ते मला कळलं लढाईमुळे. रंगूनवर बॉम्ब पडल्याची बातमी आली तेव्हा मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. बाई धान पाखडत होत्या. रंगूनचं नाव ऐकताच सूप थांबलं.

"पुन्हा वाचा जी."

मी वाचलं. त्यांनी वर्तमानपत्र माझ्या हातातून घेतलं आणि कंपाउंडरकडे गेल्या. परतल्या तेव्हा मी विचारलं, "तिकडे कोणी आहे का तुमचं?"

"माहा नवरा होता," बाई म्हणाल्या. "होता म्हंजे जित्ता असन. पन माहा नाही."

त्या दिवसापासून त्या बोलू लागल्या. एका बैठकीत नाही. बोलायच्या, थांबायच्या, 'कोनाले सांगसान का' म्हणून विचारायच्या, दोन दिवसांनी पुढचं सांगायच्या.

बाई आमगावकडच्या एका खेड्यातल्या. वडील तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. लग्नात त्यांनी लेकीला तलावाखालच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची दोन शेतं, दिली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी नवरा कमाईला म्हणून रंगूनला गेला. पत्र नाही, निरोप नाही. बाई माहेरी येऊन राहिल्या. वडिलांच्या तलावाचं लाकडी दार बसवायला मिस्त्री तिथं आला होता, तेव्हाची त्याची ओळख. वडील गेले. मिस्त्रीनं मागणी घातली. बाईंच्या जातीत पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न चालतं. पण पहिल्या नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिलेली असली तर. आणि एक दिवस रंगूनहून सोडचिठ्ठी आली. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. पंचांनी पाहिली, मान्य केली, पाट लागला.

"तवा मी कोनाले काहीच विचारत नव्हती जी," बाई म्हणाल्या. "कागद आला म्हटलं, आला. नवऱ्याचा आहे म्हटलं, आहे. पंच म्हनले उठ, उठली. बस म्हनले, बसली."

पाट लागल्यावर मिस्त्रीनं त्या दोन बांध्या ताब्यात मागितल्या. त्या तोवर बाईंचा दीर, पहिल्या नवऱ्याचा भाऊ, कसत होता. तो बिथरला. त्यानं गोंदियाच्या कोर्टात फिर्याद घातली, की माझा भाऊ परमुलखात असताना त्याची बायको माझ्या देखरेखीत होती आणि या मिस्त्रीनं ती पळवून ठेवली. सोडचिठ्ठी खरी ठरली नाही तर मिस्त्रीला कैद होणार होती. वकील म्हणाले, ब्रह्मदेश आता हिंदुस्थानातून वेगळा काढलाय. तिकडचा कागद इथं नुसता अंगठ्यावर चालायचा नाही. तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढे त्या माणसानं सांगितलं पाहिजे आणि त्याच्यावर तिथला शिक्का पाहिजे. तोवर ही चिठ्ठी दाखल करू नका.

मिस्त्री जामिनावर, त्याला गाव सोडता येईना. बाई निघाल्या. हातात ती चिठ्ठी, आणि रंगूनच्या लाकडाच्या गिरणीत असलेल्या गावाकडच्या एका गाडीवानाचा पत्ता. कलकत्त्यापर्यंत आगगाडी, पुढं जहाज. त्याआधी बाईंनी रायपूरही पाहिलं नव्हतं.

"भीती नाही वाटली?"

"मिस्त्री जेलात जाईन, तेची वाटत होती."

गाडीवानानं त्यांना घरापर्यंत नेलं. नवरा ओसरीवर जेवत बसलेला. वाढत होती ती त्याची ब्रह्मी बायको, तिच्या कडेवर पोर. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, ही कोण? नवरा म्हणाला, "गाँव की बहन है."

"बहन नहीं," बाई दारातूनच म्हणाल्या. "औरत हूँ."

ब्रह्मी बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि बाईंना पाट दिला बसायला. बाईंनी चिठ्ठी काढली. यावर तू इथल्या साहेबासमोर हो म्हण, एवढंच माझं काम आहे, म्हणाल्या. नवऱ्यानं चिठ्ठी पाहिली आणि हसला. त्यानं डावा हात वर केला. अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं.

"हा तं पहिल्याच वर्षी करवतीत गेला. हा कोनाचा अंगठा आनला तू?"

बाई सांगताना इथं थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माह्या पायाखालची जमीनच गेली जी. माहा पाट कायवर लागला मंग?"

मार्ग काढला तो ब्रह्मी बायकोनं. तिलाही कित्येक वर्षांपासून संशय होता की या माणसाची देशात बायको आहे. ती म्हणाली, "तुमको कागज होना, हमको भी कागज होना." दुसऱ्या दिवशी दोघींनी त्याला मधे घालून कचेरीत नेलं. मॅजिस्ट्रेटपुढे लिहिलं गेलं, की मी देश सोडताना हिला चारचौघांत तोंडी मोकळं केलं होतं, आता लिहून देतो. डाव्या अंगठ्याचं पेर नसल्यामुळे उजवा अंगठा उठवतो. शिक्का झाला. एक प्रत हिला, एक प्रत तिला.

परतीच्या जहाजावर बाईंनी डेकवर उन्हात बसून ती जुनी चिठ्ठी उघडली. त्या अंगठ्याच्या ठशात मधोमध एक तिरपी पांढरी रेघ होती. मिस्त्रीच्या डाव्या अंगठ्यावर सुतारी पटाशीचा जुना वण आहे. तो अंगठा त्यांनी रोज पाहिला होता; जेवताना, पाणी देताना. चिठ्ठीतला मात्र तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

"चिठ्ठी काय केली?"

"समुद्रात टाकली. मंग खलाशाले विचारलं, हे जहाज कलकत्त्यालेच जाते ना? तो म्हने, हाँ माई. मी म्हटलं, कायवरून?"

रंगूनचा शिक्का कोर्टात चालला. फिर्याद खारीज झाली, बांध्या परत मिळाल्या. त्याच दिवशी घरी आल्यावर बाईंनी मिस्त्रीची पेटी उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. त्याला चार वर्षं झाली होती.

मिस्त्रीची बाजू मी नंतर त्याच्या तोंडून ऐकली. माझ्या खाटेची दोरी आवळत होता.

"दोन वर्स वाट पाहिली जी, खऱ्या चिठ्ठीची. मंग बाजारातल्या एकाजवळून लिहवून घेतली. मले वाटलं, तो मानूस काही येत नाही, हिचं आयुष्य कायले जाऊ द्याचं. तिनं विचारलं असतं तं सांगून टाकलं असतं. तिनं विचारलंच नाही."

"आता सांगा की."

"आता तिले मालूम आहे." त्यानं दोरीला गाठ मारली. "दुपारी येऊन माहा अंगठा पाहते. तुमीबी पाहिलं एक डाव, दाराआडून. मी झोपेत नसतो जी. पाहू देतो."

त्यानंतर काही महिन्यांनी, उन्हाळा संपता संपता, रंगूनचा माणूस स्वतःच अंगणात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, पायांना चिंध्या बांधलेल्या. ब्रह्मदेशातून डोंगरजंगलातून चालत आलेले असे लोक तेव्हा गाड्यांतून उतरताना दिसायचे. बायको आणि पोरं मागं राहिली होती. तिनंच सांगितलं होतं त्याला, मी माझ्या मुलखात आहे, तू पळ.

बाईंनी त्यालाही अंगणातच उभं केलं. "काऊन आला?"

"घरी गेलो होतो. भाऊ म्हनते, तू माहा भाऊ नाहीस. भाऊ रंगूनले मेला." त्यानं डावा हात दाखवला. "म्हनते, माह्या भावाचे अंगठे शाबूत होते. जमीन नावावर करून बसला तो. गावातले लोक माहं तोंड ओळखतात, पन त्याच्यासमोर बोलत नाहीत. तुह्याजवळ कागद आहे. त्याच्यात माहं नाव, माहा अंगठा, साहेबाचा शिक्का. तेवढा दे."

मिस्त्री पडवीत उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. मलाही वाटलं, डाव आहे. याच्या हातात कागद गेला की फाटणार, आणि मग बाई कोणाच्या, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. बाईंना ते माझ्याआधी सुचलं असणार.

"कागद देत नाही," त्या म्हणाल्या. "कागदासंग मी येतो."

तहसील कचेरीत चौकशी लागली तेव्हा आम्ही चौघं निघालो. कारकून काय लिहितो ते वाचायला मी, कागद पदराखाली धरून बाई पुढं, आणि कोणी न सांगता मिस्त्री सगळ्यांच्या मागं. माझं मन गप्प बसेना. रंगूनवाल्याला मी हळूच विचारलं, "जाताना तुम्ही बाईंना खरंच चारचौघांत मोकळं केलं होतं?"

"मी?" तो मोठ्यानं म्हणाला. "मी तं टेसनावर म्हटलं होतं, दिवाळीले येतो. रंगूनच्या साहेबासमोर हिनं जे म्हन म्हटलं ते म्हटलं."

बाई पुढं चालत होत्या. थांबल्या. वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. मागं उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे पाहिलं.

"हो, मीच म्हनवलं," बाई म्हणाल्या. "नाही तं पाट खोटा ठरला असता, हा जेलात गेला असता."

त्या पुन्हा पुढं चालू लागल्या. मागून मिस्त्रीनं एकदा घसा खाकरला.

कचेरीत दीर आधीच येऊन बसला होता. मिस्त्री बाहेर व्हरांड्यात थांबला. कारकुनानं कागद मागितला. बाईंनी तो टेबलावर ठेवला, पण एक कोपरा धरून ठेवला, आणि कारकून तसाच वाकून वाचत राहिला. डाव्या अंगठ्याचं पेर नाही, हे वाक्य त्यानं मोठ्यानं वाचलं. दीर खिडकीबाहेर बघू लागला. तहसीलदारांनी रंगूनवाल्याचा उजवा अंगठा ताज्या शाईत उठवून घेतला आणि भिंगाखाली दोन्ही ठसे पाहिले. त्याला त्याची जमीन पुढं मिळाली. दिराची बाजू त्याच दिवशी संपली होती.

मग बाईंची जबानी सुरू झाली.

"या इसमाला ओळखता?"

"ओळखतो."

"कोण आहे?"

"माहा पहिला नवरा." आणि बाईंनी त्याचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, गाव, सगळं एका दमात खणखणीत सांगितलं. कारकुनाला लिहिताना पुरेवाट झाली.

"हल्ली नवरा आहे?"

मी बाईंकडे पाहिलं. चार वर्षं ज्याला त्यांनी भाडेकरू म्हटलं, त्याच्याबद्दल सरकारी कागदावर काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

"आहे."

"नाव सांगा."

कारकुनानं मान वर केली. "नाव सांगा, बाई. नवऱ्याचं नाव."

बाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी सांगा जी."

"बाई, तुमची जबानी आहे. तुमच्या तोंडून पाहिजे," कारकून म्हणाला. "आत्ता तर पहिल्या नवऱ्याचं घडाघडा सांगितलंत."

"त्याचं सांगितलं," बाई पदराआडून म्हणाल्या. "ह्याचं कसं घेऊ?"

तहसीलदार हसले नाहीत. "मास्तर, तुम्ही सांगा. लिहून घ्या," म्हणाले. मी मिस्त्रीचं नाव सांगितलं. कारकुनानं लिहिलं, आणि खातरी करायला म्हणून शिपायानं दारात जाऊन तेच नाव पुकारलं.

मिस्त्री आत आला तो हात जोडूनच. त्या एका खोट्या अंगठ्यापायी कोणीतरी आपलं नाव असं पुकारणार, याची तो वर्षानुवर्षं वाट पाहत असावा.

"हुजूर?"

"काही नाही," कारकून म्हणाला. "तुमचं नाव लिहून घेतलं फक्त."

"कायले जी?"

"बाईंचा नवरा म्हणून."

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मिस्त्री टेबलाजवळ आला, वाकला आणि त्या ओल्या अक्षरांकडे बघू लागला. त्याला वाचता येत नव्हतं.

"कोनतं जी, मास्तर?"

मी बोट ठेवून दाखवलं.